वेट-नोटिफाय की लॉक-कंडिशन? जिनिंगच्या काट्यावरचा अनुभव

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत थ्रेडना, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांना, थांबवायचं आणि वेळ आली की उठवायचं, याचे दोन रस्ते आहेत. सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) आणि त्याच्या जोडीचे वेट-नोटिफाय (झोपणं आणि झोपलेल्या एकाला उठवणं) भाषेत पहिल्यापासून आहेत. त्याच कामाचं वेगळं कुलूप रीएन्ट्रंटलॉक आणि त्यावर वाट पाहायची सोय कंडिशन हे 2004 साली जावा 5 सोबत आले. हिंगणघाटकडच्या कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यांसाठी मी सॉफ्टवेअर लिहितो आणि दोन्ही वापरून झाले आहेत.

सिंक्रोनाइज्डची मोठी सोय ही की कुलूप उघडायचं राहून जात नाही. ब्लॉकमधून रिटर्नने बाहेर पडा नाहीतर एक्सेप्शनने, ते सुटतंच. रीएन्ट्रंटलॉकमध्ये फायनलीत (काहीही झालं तरी चालणाऱ्या ब्लॉकमध्ये) अनलॉक लिहायची जबाबदारी आपली. अडकलेला प्रोग्रॅम तपासतानाही जुनं सोपं पडतं: साध्या थ्रेड डम्पमध्ये (कोणता थ्रेड कुठे थांबलाय याच्या यादीत) कुलूप कोणाकडे आहे ते दिसतं, नव्यासाठी डम्प काढणाऱ्या जेस्टॅकला 'डॅश एल' द्यावं लागतं. पावती क्रमांक एकाने वाढवणं एवढंच काम असेल तर सिंक्रोनाइज्ड पुरे, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझा कौल फिरला तो नोटिफायमुळे. दसऱ्यानंतर कापूस सुरू झाला की फाटकाबाहेर बंड्या आणि ट्रॅक्टरची रांग लागते. अशातच ऑपरेटरचा फोन आला: "भाऊ, काटा चालू हाये, पण पावती निघूनच नाही राहिली." स्क्रीन ठीक, एरर नाही, सीपीयू शांत. डम्प घेतला तर चारही थ्रेड 'वेटिंग'मध्ये. डेडलॉकचा, म्हणजे थ्रेड एकमेकांच्या कुलपांसाठी अडून बसल्याचा, उल्लेखही नाही, कारण कुलूप कोणाच्याच हातात नव्हतं.

रचना साधी होती. दोन काट्यांचे दोन थ्रेड वजन ठेवणार, दुसरे दोन ते उचलून पावती छापणार, मध्ये जागा एकाच वजनाची. सुरुवातीला उचलणारे दोघे झोपलेले. पहिल्या काट्याने वजन ठेवलं आणि एका उचलणाऱ्याला उठवलं. पण त्याच्या हाती कुलूप येण्याआधी दुसरा काटा आत आला, जागा भरलेली पाहून झोपला. मागोमाग पहिला काटा पुढचं वजन घेऊन आला, तोही झोपला. मग उठलेल्याने वजन उचललं, जागा मोकळी केली आणि नोटिफाय केलं. ते गेलं दुसऱ्या उचलणाऱ्याला! त्याला जागा रिकामी दिसली, तो परत झोपला. पहिलाही फिरून आला आणि झोपला. जागा मोकळी आहे हे काट्यांना कळलंच नाही.

वेट व्हाइल लूपमध्येच होता, म्हणजे उठल्यावर अट पुन्हा तपासली जात होती, तरी हे घडलं. एका ऑब्जेक्टला वाट पाहणाऱ्यांची ओसरी एकच. नोटिफायने त्यातला कोण उठेल याची हमी जावा देत नाही. नोटिफायऑलने हे सुटतं, आणि जुन्याच रस्त्याने जायचं असेल तर तेच वापरा. पण मग एका वजनासाठी सगळे उठतात, बाकीचे पाहून परत झोपतात. चार थ्रेडना त्याने फरक पडत नसावा. मला खटकतं ते वेगळंच: कोणासाठी हाक आहे हे कोड वाचून कळत नाही.

कंडिशनमध्ये एकाच कुलपावर दोन ओसऱ्या काढता येतात. मी त्यांना 'जागा आहे' आणि 'माल आहे' अशी नावं दिली. काटे पहिलीवर अवेट (इथलं वेट) करतात, उचलणारे दुसरीवर, आणि सिग्नल (इथलं नोटिफाय) ज्याला हवा त्यालाच जातो. व्हाइल लूप मात्र इथेही हवाच. बदल केल्यापासून तो फोन परत आलेला नाही. हे काही मोजमाप नव्हे, पण मला पुरेसं आहे. जपायचं एकच: कंडिशनवर सवयीने वेट किंवा नोटिफाय लिहिलं तर कंपाइल होतं, कारण ते प्रत्येक ऑब्जेक्टला असतात, चालवल्यावर मात्र इललीगल मॉनिटर स्टेट एक्सेप्शन येतं.

रीएन्ट्रंटलॉकचं ट्रायलॉक, म्हणजे ठरावीक वेळच कुलपाची वाट पाहणं, हीसुद्धा मोठी सोय. प्रिंटरचं कुलूप काही सेकंदांत मिळालं नाही तर थांबून न राहता ऑपरेटरला "कागद पाहा" असं दाखवता येतं. सिंक्रोनाइज्डमध्ये वाट पाहायला मुदत नाही.

व्हर्च्युअल थ्रेड (थोड्या खऱ्या थ्रेडवर जावा चालवते ते हलके थ्रेड) वापरणार असाल तर जावाची आवृत्ती पाहा. जावा 21 मध्ये सिंक्रोनाइज्डच्या आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेडही अडवून ठेवतो. जावा 24 मध्ये हे बहुतांशी सुटलं.

आणि नुसती रांगच हवी असेल तर तयार अ‍ॅरेब्लॉकिंगक्यू घ्या. तिच्या आतही एक रीएन्ट्रंटलॉक आणि दोन कंडिशनच आहेत.