पहिलं सीएनसी: ३०१८ किट की पाइपांचं एमपीसीएनसी?

घरी पहिलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने कोरणारं यंत्र, उभं करायचं तर एक सोपी वाट म्हणजे ३०१८ चं किट. ३०० बाय १८० मिलिमीटरचं काम, कोरायचं पातं फिरवणारी ७७५ ची छोटी मोटर, ग्रबल या मोफत सॉफ्टवेअरवर चालणारा बोर्ड. सुट्टीच्या दिवशी जोडून होतं. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्या), नेमप्लेट सुरेख निघतात. सागवानात मात्र एकदम दोन मिलिमीटर उतरलात की मोटर कण्हायला लागते, कडा काळी पडते. अर्धा-अर्धा मिलिमीटरच घ्यावा.

दुसरं, व्ही१ इंजिनिअरिंगचं एमपीसीएनसी, म्हणजे ‘मोस्टली प्रिंटेड सीएनसी’: थ्रीडी प्रिंट केलेले सांधे, पाइप, बेल्ट. माप आपलं आपण ठरवायचं, पण हाव नको. लांबी वाढली की पाइप लवतात. मेहनत भरपूर, पण शिकायला मिळतं ते इथेच. यंत्र एक मिलिमीटर सरकायला मोटरला किती स्टेप, म्हणजे छोटी पावलं, लागतात त्याचा हिशोब बघा. फेरीला २०० स्टेपची मोटर, प्रत्येक स्टेपचे १६ मायक्रोस्टेप, २ मिलिमीटर पिचच्या बेल्टला १६ दात्यांची पुली: ३,२०० भागिले ३२, म्हणजे मिलिमीटरला १०० स्टेप. मग पेन बांधून १०० मिलिमीटरची रेघ ओढायची आणि पट्टी लावायची. ती जुळते तेव्हा काय आनंद होतो!

थ्रीडी प्रिंटर हाताशी असेल तर मी एमपीसीएनसीच सांगेन, नसेल तर बिनधास्त ३०१८ घ्या. डोळ्यांवर चष्मा आणि हाताशी इमर्जन्सी स्टॉप दोन्हीकडे हवाच.