रूह खस: आठ महिने अंगावर लावल्यानंतर

मार्चअखेर घेतलेली रूह खसची, म्हणजे वाळ्याच्या निव्वळ तेलाची, ३ मिलीची बाटली दिवाळीला तळाशी आली, म्हणून आता लिहायला बसले. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर 'घेऊ नका' असंच लिहिलं असतं.

आम्ही नागपूरचे. वाळा म्हणजे आमच्यासाठी माठात सोडलेली मुळांची जुडी आणि कूलरची ताटी. नव्या ताटीवर पहिलं पाणी पडलं की घरभर जो गारवा पसरतो ना, तोच वास मला बाटलीत हवा होता. त्यापायी दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून 'अस्सल खस' म्हणून बाटली आणली होती. रंग पोपटी, वास सरबताच्या इसेन्ससारखा गोड, आणि अर्ध्या तासात मनगटावर काही उरायचं नाही. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पैसे गेले त्याहीपेक्षा, वाळ्याच्या नावावर भलतंच काही हातात ठेवलं याचं.

त्यानंतर जरा माहिती काढली. उत्तर प्रदेशातल्या कनौजला अजूनही डेग-भपक्याच्या पद्धतीने अत्तर काढतात. तांब्याच्या डेगेत मुळं आणि पाणी घालायचं, झाकण मातीने लिंपायचं, खाली जाळ. वाफ वेळूच्या नळीतून शेजारी पाण्यात बुडवलेल्या भपका नावाच्या भांड्यात उतरते. भपक्यात आधीच चंदनाचं तेल भरून ठेवलं असेल तर वाळ्याचा गंध त्यात मुरतो, ते अत्तर. काहीच न घालता मुळांचं निव्वळ तेल मिळवलं, तर ती रूह. चंदन महागल्यापासून कित्येक ठिकाणी त्याच्या जागी पॅराफिन तेल वापरतात, त्यामुळे नुसतं 'खस अत्तर' या नावावरून काही ठरवता येत नाही. रूहेचा हिरवा रंगसुद्धा तांब्यामुळे येतो, आणि तो शेवाळासारखा गडद असतो. मी या वेळी रूहच घेतली, पहिल्या बाटलीच्या जवळपास सहापट किमतीला.

आणि पहिल्या दिवशी हिरमोड झाला. काचेच्या काडीने तांदळाच्या दाण्याएवढी मनगटाला लावली, तर वास काय, ओल्या गोणपाटाचा! नुकतंच उपटलेलं बीट मातीसकट नाकाशी धरावं तसा, वर थोडासा धूर. धुऊन टाकावीशी वाटली. पण वीसेक मिनिटांनी माती खाली बसते आणि हिरवा वास वर येतो. गजऱ्यातल्या फुलांमधून मरव्याची काडी वेगळी काढून चुरगळली तर जो येतो, त्याच्या जवळचा, मागे गवती चहाची किंचित झाक. दुपारनंतर तोही मऊ होतो, जुन्या लाकडी कपाटात ठेवलेल्या धुतल्या सुती साडीसारखा. संध्याकाळी बँकेतून परत आले तरी मनगट नाकाशी नेलं की असतो. पदराला लागला असेल तर दुसऱ्या दिवशीही.

मे महिन्यात खरी पारख झाली. ४५ अंशांत, घामाने डबडबलेल्या अंगावर मोगऱ्यासारखी गोड अत्तरं मला अक्षरशः मळमळवतात. ही आंबत नाही. उलट अंग तापलं की हिरवेपणा आणखी खुलतो. जुन्या लोकांनी वाळा उन्हाळ्याला आणि हिना थंडीला असं का ठरवलं, ते तेव्हा पटलं. जुलैच्या दमट हवेत मात्र मला ती जड झाली. मातीचा तो पहिला भाग तासभर रेंगाळायचा, म्हणून पावसाळ्यात महिनाभर बाटली बंदच ठेवली.

बाटली आम्हा दोघांची एकच. यांना कानात फाया ठेवायची सवय आहे. त्यांच्या अंगावर धूर जास्त जाणवतो, माझ्या अंगावर हिरवळ. फ्रान्समध्ये वाळ्याची नावाजलेली परफ्यूम्स, १९५७ चं कारव्हेनचं आणि १९५९ चं गेरलँचं, पुरुषांसाठी म्हणून निघाली. आपल्याकडे ही वाटणी कधी नव्हतीच. लग्नात पाहुण्यांच्या हाताला जे अत्तर लावायचे तेच चैत्रगौरीच्या हळदीकुंकवालाही चालायचं.

सप्टेंबरमधली एक गोष्ट सांगते. कूलर केव्हाच माळ्यावर गेला होता. सासूबाईंसमोर चहाचा कप ठेवायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, ताटी बदलली का?" मग तशाच डोळे मिटून बसल्या. त्यांच्या माहेरी दुपारी दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारायचं काम त्यांच्याकडे असायचं, हे मला लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं. आता देवपूजेला बसण्याआधी त्यांच्याही हाताला एक थेंब लागतो.

उणिवा आहेत. पांढऱ्या सुती कपड्यावर डाग पडतो आणि तो निघत नाही, यांचा एक झब्बा गेला. तेल इतकं दाट की रोल-ऑनच्या बाटलीत गोळी अडकते, तेव्हा काचेच्या काडीचीच बाटली मागा. थंडीत आणखी घट्ट होतं, दोन मिनिटं मुठीत धरावं लागतं. वासही लांब जात नाही. चार माणसांनी विचारावं अशी हौस असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, शेजारी बसलेल्यालाच काय तो येईल.

दुकानात काडीवर हुंगून मात्र घेऊ नका. मनगटाला लावून घ्या, बाजारातली बाकीची कामं उरका, दोन तासांनी तेच मनगट हुंगा आणि मगच पैसे द्या. मी फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहे, या वेळी ५ मिलीसाठी. तीन माणसांना ३ मिली पुरत नाही.