सिकलसेल: सोल्युबिलिटी चाचणी की एचपीएलसी?

विदर्भात किंवा नंदुरबारकडे लग्न ठरायच्या आधी सिकलसेल (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) तपासायचं म्हटलं की बहुतेकांची गाठ आधी सोल्युबिलिटी चाचणीशी पडते. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त, झटपट, गावातच होते. शिबिरासाठी उत्तमच.

पण ती फक्त 'एस' हिमोग्लोबिन (सिकलसेलचं सदोष हिमोग्लोबिन) आहे की नाही एवढंच सांगते. माणूस वाहक (एएस) आहे की आजारी (एसएस), हे तिला कळत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात किंवा रक्त फारच कमी असेल तर ती चुकीचं निगेटिव्हही देते.

एचपीएलसी, म्हणजे रक्तातली हिमोग्लोबिनं वेगळी करून मोजणारी मशीनची चाचणी. ती महाग, मशीन जिल्ह्याच्या ठिकाणी, रिपोर्टला वेळ. मात्र प्रत्येक हिमोग्लोबिनची टक्केवारी हातात येते. खरा फरक इथे पडतो: मुलगी एएस आणि मुलगा सोल्युबिलिटीत निगेटिव्ह, म्हणून घरचे निर्धास्त. तो बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक आजार) वाहक असला तर? प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकल-थॅलेसेमिया (दोन्ही दोष एकत्र आल्याने होणारा आजार) होण्याची शक्यता 25 टक्के. एचपीएलसीत त्याचं एटू हिमोग्लोबिन साधारण 3.5 टक्क्यांच्या वर दिसतं आणि गोष्ट उघड होते. (नुकतंच रक्त चढवलं असेल तर हा रिपोर्टही फसवतो, ते आधी सांगा.)

गावभर चाळणी लावायची तर सोल्युबिलिटी. लग्नाचा किंवा बाळाचा विचार असेल, तर दोघांचीही एचपीएलसीच करा. एकाचा रिपोर्ट अर्धाच.