तागालोग, सेबुआनो की हिलिगायनोन: आधी कुठली शिकावी?

पहिल्यांदा जहाजावर निघालेली कोकणातली पोरं हमखास विचारतात, "दादा, क्रू फिलिपिनो आहे. त्यांची भाषा शिकून घेऊ का?" मी उलट विचारतो, कुठली? फिलिपिन्समध्ये शंभराहून जास्त भाषा आहेत. आपल्या कामाच्या तीन: तागालोग, सेबुआनो आणि हिलिगायनोन. हल्ली मुलांना तिकडे डॉक्टरकीला पाठवणारे आईबापही हेच विचारतात. त्यांना मात्र उत्तर वेगळं द्यावं लागतं.

तागालोग मनिला आणि भोवतालच्या मुलखाची. राष्ट्रभाषा 'फिलिपिनो' तिच्याच पायावर उभी आहे, त्यामुळे शाळा आणि टीव्हीमुळे ती सगळीकडे समजते. सेबुआनो सेबू, बोहोल ही बेटं आणि दावाओ शहरासकट दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटाच्या मोठ्या भागात चालते. हिलिगायनोन पनाय बेटावरच्या इलोइलोची, शेजारच्या ग्विमारासची आणि पश्चिम नेग्रोसमधल्या बाकोलोदची. मिंदानाओत कोरोनादालकडेही ती ऐकू येते. बोलणारे स्वतःला इलोंगो म्हणवतात आणि बरेचजण भाषेलाही इलोंगोच म्हणतात.

नेग्रोस बेट एकच, पण पूर्वेला सेबुआनो आणि पश्चिमेला हिलिगायनोन. ही करामत साखरेची. 1855 मध्ये इलोइलो बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, उसाला भाव आला आणि पनायची माणसं खाडी ओलांडून पश्चिम नेग्रोसात मळे करायला गेली. भाषाही त्यांच्याबरोबर गेली. पनायच्याच आंतिके प्रांतातून 'साकादा' म्हणजे ऊसतोड मजूर हंगामाला तिथे जात आले आहेत. बीडच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. फक्त त्या आंतिकेवाल्यांची घरची भाषा किनाराय-आ, हे ध्यानात ठेवा; तिला हिलिगायनोन म्हटलेलं त्यांना रुचत नाही.

आता कानाला काय लागतं ते बघू. 'काय' हे तागालोग आणि हिलिगायनोनमध्ये 'आनो', सेबुआनोत 'उन्सा'. 'कोण' म्हणजे अनुक्रमे 'सिनो', 'सिन-ओ' आणि 'किन्सा'. पण सकाळच्या रामरामाला इलोंगो 'माआयोंग आगा' म्हणतो, सेबूवाला 'माआयोंग बुन्ताग' आणि मनिलावाला 'मागांदांग उमागा'. म्हणजे हिलिगायनोनचं गोत्र सेबुआनोचं, पण काही शब्द तागालोगशी जुळणारे. नकाराला तागालोगमध्ये चक्क 'हिंदी' म्हणतात. आपल्या पोरांचा पहिला आठवडा त्यावर हसण्यात जातो. इलोंगो 'इंदी' म्हणतो आणि होकाराला 'हुओ'. ते ऐकून मी एकदा मराठीतच पुढे बोलत सुटलो होतो.

व्याकरणात मराठी माणसाला एक घबाड आयतं मिळतं. हिंदीवाल्याला 'हम' एकच. आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही'. तिन्ही भाषांत हा भेद जसाच्या तसा आहे: हिलिगायनोन आणि सेबुआनोत 'किता' आणि 'कामी', तागालोगमध्ये 'तायो' आणि 'कामी'. माझ्या एका कॉन्ट्रॅक्टमध्ये बाकोलोदचा चीफ कुक होता. तो मेसच्या दारातून "काओन ता!" असं ओरडायचा. त्यातला 'ता' म्हणजे 'किता'चंच छोटं रूप: चला, आपण जेवू. त्या 'आपण'मध्ये मीही होतो, हे कळायला मला शब्दकोश लागला नाही. दुसरी गंमत 'गिद'ची. 'नामित' म्हणजे चवदार, 'नामित गिद' म्हणजे चवदारच. आपला 'च' तिथे सुटा उभा राहतो, इतकंच. भाताचंही तसंच. शेतातला 'हुमाय', निवडायचा 'बुगास', ताटातला 'कान-ओन'. तांदूळ आणि भात वेगळे ठेवणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

सुराबाबत मात्र तिघींत मोठा फरक. इलोंगोंचं बोलणं हेलकावे घेत जातं. इतर फिलिपिनो त्याला 'मालाम्बिंग' म्हणतात, लाडिक. आमचा इलोंगो बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, चिडला की अंगाई म्हणतोय असं वाटायचं. शिव्या आहेत हे तिसऱ्या दिवशी कळलं.

शिकायच्या साधनांत तागालोग कितीतरी पुढे. पुस्तकं, अ‍ॅप, मालिका, सगळं मिळतं. सेबुआनोचं बरं आहे. हिलिगायनोनला मात्र माणूसच गाठावा लागतो. सुरुवातीच्या इयत्ता मातृभाषेतून शिकवण्याचं जे धोरण 2012 पासून राबवलं गेलं, त्यात ती होती. पण 2024 च्या कायद्याने ती सक्ती काढून टाकली.

तेव्हा जहाजावर जात असाल तर तागालोग घ्या. क्रूमध्ये कुठल्या बेटाची माणसं असतील याचा नेम नसतो. वर हिलिगायनोनचे वीसेक शब्द जोडा, कारण इलोइलोत दर्यावर्दी शिक्षणाच्या मोठ्या संस्था आहेत आणि तिथला एखादा तरी भेटतोच. दावाओ किंवा सेबूला राहायला जाणाऱ्याने सेबुआनोपासून सुरुवात करावी. इलोइलो किंवा बाकोलोदला वैद्यकीय शिक्षणाला निघालेल्याने तागालोगच्या नादी न लागता थेट हिलिगायनोन धरावी. पेशंट तुमची तागालोग समजून घेईल, पण दुखणं सांगेल ते घरच्या भाषेत. 'साकित' म्हणजे दुखणं, हे तिन्हीकडे सारखं. अडतं ते पुढच्या प्रश्नाला: कधी सुरू झालं? मनिलात 'काइलान नागसिमुला', इलोइलोत 'कासान-ओ नागसुगोद'. हा एक प्रश्न विमानात बसायच्या आधीच पाठ करून टाका.