लेखनिकाला स्वतःचा रकाना : डीस्पेस ७ वर पोथ्यांच्या नोंदी

आमच्या ग्रंथालयातल्या चारशेवर पोथ्या स्कॅन होऊन डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरवर चढल्या, तेव्हा नोंदी बाहेरच्या एका एजन्सीने केल्या होत्या. लेखनिकाचं नाव कर्त्याच्या रकान्यात, आणि लिपी, पत्रसंख्या, पुष्पिका (पोथीच्या शेवटी नकलणाऱ्याने लिहिलेला मजकूर), शक सगळं ‘वर्णना’त कोंबलेलं. कर्त्यांची यादी उघडली की निम्मे नकलणारेच. मला ते बघवेना. दोन वर्षं बसून सगळ्या नोंदी पुन्हा केल्या.

डीस्पेस २००२ साली एमआयटी आणि एचपीने आणलं. मुक्त आहे, पैसे पडत नाहीत. त्यात मुळात येते ती डब्लिन कोअरची, म्हणजे नोंदींसाठी सगळीकडे चालणारी ठरावीक रकान्यांची व्यवस्था. प्रबंधांना ती पुरते, पोथीला नाही. पण त्याच्याशेजारी आपली स्वतंत्र योजना उभी करता येते, आणि याच एका गोष्टीसाठी मी हे सॉफ्टवेअर सोडणार नाही. अ‍ॅडमिनच्या मेटाडेटा रजिस्ट्रीत, म्हणजे रकान्यांच्या यादीत, नेमस्पेस (योजनेची ओळख ठरवणारा वेबपत्ता) आणि आखूड नाव द्यायचं. मी ‘पोथी’ दिलं, त्याखाली लेखनिक, लिपी, पत्रे, पुष्पिका, शक. दहा मिनिटांचं काम.

खरी मेहनत पुढे. नवा रकाना नोंदणीच्या फॉर्ममध्ये यायला एक एक्सएमएल फाइल (सेटिंगची) बदलायची, शोधाच्या गाळणीत यायला दुसरी आणि मग शोधासाठी सगळं पुन्हा इंडेक्स. थोडक्या माहितीच्या पानावर दिसायला ज्यात डीस्पेसची पानं बांधलेली आहेत त्या अँग्युलरच्या टेम्प्लेटला हात घालावा लागतो. तिथे मला मुलीची मदत घ्यावी लागली.

तारखेने सर्वांत जास्त छळलं. पुष्पिकेत ‘शके १६८७ पार्थिवनाम संवत्सरे’ एवढंच, महिना नाही. ते १७६५ असेल किंवा १७६६ च्या सुरुवातीचे महिने. डीस्पेसचा तारखेचा रकाना इसवी सनच मागतो. म्हणून तिथे १७६५ ठेवलं, क्रम लावण्यापुरतं, आणि मूळ शब्द जसेच्या तसे ‘शक’ रकान्यात. आधीच्या नोंदीत नुसतं १७६५ होतं, मूळ शब्द गेलेच होते.

जुन्या नोंदी सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) काढून लिब्रेऑफिसमध्ये दुरुस्त केल्या आणि परत चढवल्या. फाइल उघडताना युटीएफ-८ ही अक्षरांची सांकेतिक पद्धत निवडायला विसरू नका, नाहीतर देवनागरीचा चुरा होतो.

एक उणीव मोठी आहे. ओएआय या नोंदी देण्याघेण्याच्या ठरलेल्या पद्धतीने दुसऱ्या संस्था नोंदी उचलतात, तेव्हा सहसा डब्लिन कोअरचे १५ रकाने जातात. ‘पोथी’तलं काही जात नाही, त्यासाठी वेगळी रूपांतर-फाइल लिहावी लागते. तूर्त मी लेखनिकाचं नाव डब्लिन कोअरच्या ‘इतर सहभागी’ रकान्यातही टाकते.

परवा लेखनिकाच्या गाळणीत एका नावावर टिचकी मारली, तर तीन वेगवेगळ्या बाडांतल्या अकरा पोथ्या एकाच पानावर आल्या. एकाच हाताच्या. आता त्या अकरांची पत्रं शेजारी शेजारी लावून अक्षर ताडून बघते आहे.