सोलापूर ते गोवा: हवाई अंतर आणि वेळ सांगणाऱ्या एका संकेतस्थळाचा अनुभव

दोन विमानतळांची नावे दिली की त्यांच्यातील हवाई अंतर आणि उड्डाणाची वेळ सांगणारे एक मोफत संकेतस्थळ मी गेले दोन महिने वापरत आहे. ९ जून २०२५ रोजी सोलापूरहून गोव्याची विमानसेवा सुरू झाली, तेव्हापासून आमच्या घरी या आकड्यांना अर्थ आला. त्याआधी होटगी रस्त्यावरचा विमानतळ आम्ही केवळ बाहेरून पाहत होतो. आईचे गुडघे दुखतात आणि वास्कोला बहिणीकडे जायचे म्हणजे तिला रात्रभर बसमध्ये बसणे भाग पडे, म्हणून मी हा हिशेब बारकाईने केला.

अंतराच्या बाबतीत संकेतस्थळ विश्वासार्ह आहे. ते दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरील सर्वांत जवळची रेषा मोजते. सोलापूर ते मुंबई हे अंतर ते सुमारे ३६० किलोमीटर दाखवते, तर लोहमार्गाने तेच अंतर ४५५ किलोमीटर आहे. नकाशावर पट्टी ठेवून मी पडताळा घेतला आणि तो जुळला.

मात्र ‘गोवा’ एवढेच लिहिले तेव्हा या संकेतस्थळाने न विचारता दाबोळी विमानतळ धरला आणि ३३५ किलोमीटर अंतर दाखवले. दाबोळी वास्कोला लागूनच असल्यामुळे विमानातून उतरल्यावर आई थोड्याच वेळात घरी पोहोचेल, असे मी बहिणीला सांगून बसलो. सोलापूरचे विमान प्रत्यक्षात उतरते ते पेडणे तालुक्यातील मोपा येथे, गोव्याच्या उत्तर टोकाला. हवाई अंतर त्यामुळे ३०५ किलोमीटरवर येते, म्हणजे ३० किलोमीटरने कमी होते. पण पुढे वास्कोपर्यंत सुमारे दीड तासाचा रस्ता उरतो, आणि आईच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो हाच दीड तास. तिकिटावरचे विमानतळाचे नाव आधी नीट वाचले असते, तर गाडीची सोय वेळेत झाली असती.

उड्डाणाच्या वेळेवर तर मुळीच विसंबू नये. मोपासाठी संकेतस्थळ अवघी २२ मिनिटे दाखवते. ताशी ८५० किलोमीटर हा मोठ्या जेट विमानाचा वेग धरून त्याने अंतराला सरळ भाग दिला आहे. या मार्गावर एटीआर ७२ हे पंख्यांचे विमान जाते. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, खाली येणे आणि उतरण्यासाठी रांगेत थांबणे हा काळ कोणत्याही भागाकारात येत नाही. तिकिटावर सुमारे एक तास लिहिलेला असतो आणि तोच खरा धरावा. लांबच्या प्रवासात ही चूक कदाचित जाणवणार नाही, पण आपल्या छोट्या मार्गांवर ती वेळ निम्म्याहूनही कमी दाखवते.

किलोमीटरसाठी मी हे संकेतस्थळ पुढेही वापरणार आहे. चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की विमानाचा प्रकार निवडण्याची सोय द्यावी, आणि ज्या ठिकाणी दोन विमानतळ आहेत तिथे उत्तर देण्याआधी कोणता हवा ते विचारावे.