एका रात्रीत घोकंपट्टी की रोज तासभर?

भाचीची बारावीची जीवशास्त्राची परीक्षा आठ दिवसांवर आलीय. "मामा, रोज तासभर बसू की शेवटच्या रात्री सलग आठ तास?"

वेळ दोन्हीकडे सारखाच. फरक आहे तो टिकण्यात.

१९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागात, दाखवलं, की चेतातंतूंना भराभर विजेचे झटके दिले की पेशींमधले जोड तासन्‌तास बळकट राहतात. या जोडांवर एनएमडीए ग्राहक नावाचं, संदेश टिपणारं प्रथिन असतं. एरवी त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच असतं. जोडाच्या दोन्ही बाजूंच्या पेशी एकाच वेळी उत्तेजित झाल्या की ते निघतं, कॅल्शियम आत शिरतं आणि जोड बळकट होतो. ही पहिली बळकटी काही तासांतच ओसरते. पुढे टिकायला पेशीला नवी प्रथिनं घडवावी लागतात. उंदरांच्या मेंदूच्या कापांवर झटक्यांची दुसरी फेरी तासाभराने दिली तेव्हा बळकटी आणखी वाढली, दहा मिनिटांनी दिली तेव्हा नाही. काप म्हणजे विद्यार्थी नव्हे, पण माणसांवरच्या स्मरणाच्या प्रयोगांतही अंतर ठेवून केलेली उजळणीच जास्त टिकते.

कष्टाला रोजचा अभ्यास जड. पुस्तक मिटून कालचं आठवताना अडखळायला होतं. ते अडखळणंच मला मोलाचं वाटतं. रात्रभर घोकलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि आठवण पक्की करणारी झोप मात्र जाते.

पेपर उद्याच असेल आणि विषय पुन्हा लागणार नसेल, तर एक रात्र भागवेल. भाचीला पुढे 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायची आहे. तिने आजपासून रोज तासभर बसावं.